पूर्णगडचें जुनें लांकूडसामान

रत्नागिरीहून दक्षिणेस निघालेला किनाऱ्याचा रस्ता पांवस मागें टाकून पुढें वळूं लागला, कीं झाडींतून अधूनमधून पाणी दिसूं लागतें. तें समुद्राचें कीं खाडीचें, हें नवख्या माणसास लवकर उमगत नाहीं. सुमारें २५ किलोमीटर अंतर कापून गाडी पूर्णगडच्या उतारास लागते, तेव्हां तें दोहोंचेंहि आहे असा उलगडा होतो. माचाळच्या डोंगरांत उगम पावलेली मुचकुंदी नदी येथें सागरास मिळते. अलीकडे पूर्णगड, पलीकडे गांवखडीची वाळू आणि सुरूचीं बनें. एके काळीं याच खाडींतून होड्या माल घेऊन आंत साटवलीपर्यंत जात. आतां खाडीवर पूल झाला आहे, गाड्या त्यावरून कशेळी-जैतापूरकडे निघून जातात, आणि पूर्णगडास थांबण्याचें प्रयोजन थोड्यांनाच उरलें आहे.

थांबतात ते बहुतेक किल्ला पाहावयास. किल्ला लहान, अर्ध्या तासांत सारा फिरून होतो. जांभ्या दगडाचा तट, पूर्वेस तोंड केलेला दरवाजा, त्यावर कोरलेले गणपति व चंद्रसूर्य, बाहेर मारुतीचें देऊळ, आणि समुद्राच्या अंगास एक धाकटा दरवाजा. हा दुर्ग कोणीं बांधला याविषयीं दोन मतें ऐकूं येतात. कोणी शिवछत्रपतींचें नांव घेतात व त्यांच्या किल्ल्यांची मालिका येथें पूर्ण झाली म्हणून हा पूर्णगड, अशी व्युत्पत्ति सांगतात. कोणी कान्होजी आंग्र्यांचें नांव घेतात. व्युत्पत्ति गोड आहे खरी, परंतु गोड व्युत्पत्तीवर फारशी भिस्त ठेवूं नये.

मला त्या तटापाशीं उभें राहिलें असतां इतिहासापेक्षां हवेचाच विचार अधिक सुचतो. समुद्रावरून येणारा वारा मीठ घेऊन येतो. तें मीठ जांभ्याच्या छिद्रांत शिरतें, ओल्या दिवसांत विरघळतें, कोरड्या दिवसांत पुन्हां खडा धरतें, आणि असें वर्षानुवर्षें होऊन दगडाचे कण सुटे होतात. जी हवा दगडास सोडीत नाहीं ती लांकडास काय सोडणार! या गांवांत ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत कपाटांचीं दारें फुगून बसतात व माघांत सैल होऊन आपोआप उघडतात. लोखंडी खिळा येथें दोनचार पावसाळ्यांत गंजतो. गंजतांना तो फुगतो, व फुगतांना फळी उकलतो. म्हणून जुन्या सुतारांनीं महत्त्वाचे सांधे लांकडी खुंट्यांनीं वा पितळी स्क्रूंनीं जोडले. ज्या घरांत असे सांधे आहेत तेथील सामान उभें आहे. बाकीचें केव्हांच चुलींत गेलें.

किल्ल्याखालच्या वस्तींत माझें आजोळ आहे. जांभ्याच्या भिंती, वर मंगळूरी कौलें, पुढें पडवी, मग ओटी, माजघर, आणि माजघरांतून वर जाणारा अंधारा जिना. वर्षांतील दहा महिने घर बंद असतें. यंदा माघी गणेशजयंतीस तिघां मामांचीं कुटुंबें एकत्र जमलीं, तीं केवळ उत्सवासाठीं नव्हे. थोरल्या मामांनीं ऐंशी ओलांडली आहे. घर कोणीं विकूं नये, तें तिघांचें राहावें, एवढें ठरलेलें होतें. परंतु घरांतील सामानसुमानाची वांटणी आपल्या हयातींत, चारचौघांदेखत, गोडीगुलाबीनें व्हावी, असें त्यांच्या मनानें घेतलें होतें. ज्यांनीं वांटण्या पाहिल्या आहेत त्यांस ठाऊक आहे, कीं जमिनीवरून जितके वाद होत नाहींत तितके एखाद्या पाटावरून होतात.

पाट, चौरंग, समया, तांब्यापितळेचीं भांडीं यांचा निकाल एका दुपारींच लागला. राहिल्या तीन जिनसा. एक माडीवरचा सागवानी पेटारा, पितळी पट्ट्यांचा. दुसरा फणसाच्या लांकडाचा देव्हारा. तिसरें स्वयंपाकघरांतलें जाळीचें कपाट. हें मात्र देवदारी खोक्यांच्या फळ्या जोडून केलेलें, आणि दर लग्नकार्यास एकेक थर चढत चढत चार तैलरंगांखालीं गाडलें गेलेलें. वरचा थर पोपटी होता. त्याचे पापुद्रे सुटून दुधाच्या पातेल्यांत पडत, म्हणून कपाट कांहीं वर्षांपासून रिकामेंच होतें.

मधल्या मामांची सून पुण्याची. तिनें पुण्याहून येतांना खडूचा रंग घरींच करण्याची कृति लिहून आणिली होती. हा रंग जुन्या लांकडावर, फारसें न घांसतां, सरळ लावतां येतो. वाळल्यावर तो चकाकत नाहीं, जुन्या भिंतीसारखा मऊ दिसतो. तिचा बेत तिन्ही जिनसा पांढऱ्या करण्याचा होता, व पेटारा आपल्या सदनिकेंत न्यावा अशीहि तिची इच्छा होती. बेत ऐकून थोरल्या मामी म्हणाल्या, "चुना भिंतीला लावावा, विड्याला लावावा. लांकडाला चुना लावलेला मीं नाहीं ऐकला." मुलें हंसलीं, कारण चुना लावण्याचा तिसरा एक अर्थ त्यांना ठाऊक होता. सूनबाई बिचारी गोरीमोरी झाली व माझ्याकडे वळून म्हणाली, "वन्सं, तुम्हीच सांगा ना, हें अगदींच वेडेपणाचें आहे का?"

मीं सांगितलें तें येथें जरा विस्तारानें मांडतें, कारण हा प्रश्न आतां घरोघरीं येऊं लागला आहे.

या रंगास आज जें इंग्रजी नांव आहे तें ऑक्सफर्ड येथील अ‍ॅनी स्लोन या बाईंनीं १९९० सालीं आपल्या रंगास दिलें. त्यानंतर घरोघरीं तसले रंग करण्याची चाल पडली. परंतु खडू आणि चिकट पदार्थ एकत्र करून लांकडास लावणें ही युक्ति त्याहून फार जुनी आहे आणि आपल्याच कोंकणांत नांदत आलेली आहे. सावंतवाडीचे चितारी लांकडी पाट, चौरंग, खेळणीं रंगवितांना प्रथम खडूची पूड व चिंचोक्याची खळ यांचा लेप देतात. तो गुळगुळीत करून त्यावर रंगकाम, आणि सर्वांवर लाखेचें पाणी. गंजिफाचीं वाटोळीं पानेंहि याच रीतीनें होतात: कापडास चिंचोक्याची खळ, वर खडूचा लेप, दगडानें घोटाई, मग चित्र. दशावतारी गंजिफाच्या एका जोडांत दहा अवतारांचीं प्रत्येकीं बारा, अशीं १२० पानें; तेव्हां केवढी घोटाई होत असेल याची कल्पना करावी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ही कला विझण्याच्या बेतांत असतां सावंतवाडीच्या भोसले राजघराण्यानें राजवाड्यांतच कारागिरांना जागा देऊन ती सांवरली. मी तेथें गेलें होतें तेव्हां दरबाराच्या दालनांत चितारी मांडी घालून बसले होते, व एका बाजूस तयार चौरंग वाळत होते. त्यांवर नखानें टिचकी मारली तर लांकडाचा नव्हे, चिनी मातीच्या बशीसारखा आवाज आला.

आतां मामींच्या शंकेकडे येऊं. चुना आणि खडू हीं एकाच घराण्यांतलीं आहेत. आपल्या किनाऱ्यावर पूर्वीं कालवांचे व तिसऱ्यांचे शिंपले भट्टींत भाजून चुना काढीत. शिंपला सुमारें ९०० अंशांवर तापला कीं त्यांतला कर्बवायु निघून जातो व कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातलें कीं तो खदखदून विरतो. हाच विरविलेला चुना भिंतीवर लाविला म्हणजे हवेंतला कर्बवायु हळूहळू परत शोषून घेतो, आणि पुन्हां शिंपल्याचेंच द्रव्य होतो. विलायतेंतील डोव्हरच्या पांढऱ्या कड्यांचा खडूहि सूक्ष्म सागरी जीवांच्या कवचांचाच सांचलेला गाळ आहे. तेव्हां वाळलेली चुन्याची भिंत ही एका अर्थीं खडूची भिंतच. फरक एवढाच, कीं ओला चुना दाहक आहे, हात भाजतो, आणि साग किंवा फणस अशा रसाळ लांकडावर तपकिरी डाग उमटवितो. खडूची पूड निरुपद्रवी आहे. मामींना मीं इतकें सांगितलें, कीं हा चुना नव्हे, चुन्याचा शांत झालेला भाऊ आहे. त्यांचें समाधान झालें असें नाहीं; परंतु त्या पाहावयास तयार झाल्या.

कपाटापासून आरंभ करण्याचें ठरलें. तें कोणालाच नको होतें, म्हणून त्यावर कोणाचा रागहि होणार नव्हता.

येथें एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. घांसावें लागत नाहीं, ही या रंगाची मोठी फुशारकी. परंतु जेथें जुना रंग सुटत आहे तेथें तो काढावाच लागतो, नाहीं तर नवा थर जुन्यासकट गळून पडतो. आणि जुना रंग काढणें हें पोरखेळाचें काम नव्हे. पूर्वींच्या पांढऱ्या तैलरंगांत सफेता असे, म्हणजे शिसें. इतर कित्येक रंगांतहि शिसें असे. त्याची धूळ पोटांत गेली तर लहान मुलांच्या मेंदूस कायमचा अपाय होतो. आपल्याकडे घरगुती रंगांत दशलक्षांत ९० भागांहून अधिक शिसें असूं नये असा नियम २०१७ च्या नोव्हेंबरापासून अमलांत आला. त्यापूर्वींच्या थरांविषयीं संशयच धरणें बरें. म्हणून आम्हीं कपाट अंगणांत नेलें, खालीं जुनीं वर्तमानपत्रें अंथरलीं, मुलांना किल्ल्यावर धाडून दिलें, आणि सुटलेले पापुद्रे पाणी मारून ओल्या वॉटरपेपरनें काढिले. कोरडें घांसूं नये, आणि तो लगदा परसांत वा विहिरीच्या बाजूस टाकूं नये. कागदासकट गुंडाळून वेगळा ठेवावा.

पोपटीखालीं निळा निघाला, निळ्याखालीं काव्याचा तांबडा, आणि त्याखालीं पुसट इंग्रजी अक्षरें. कपाटाच्या फळ्या एका चहाच्या खोक्याच्या होत्या. चारहि पाय मात्र खालून चार बोटें नव्या लांकडाचे. पूर्वीं मुंग्या चढूं नयेत म्हणून पायांखालीं पाण्याच्या वाट्या ठेवीत. मुंग्या खरोखरच चढत नसत, पण पाय कुजत. त्यांस वाळवी लागूं नये म्हणून थोरल्या मामांनीं काजूच्या टरफलाचें तेल लावविलें. तें अंगावर उडालें तर कातडी जळते, तेव्हां हातमोज्यांवांचून हात लावूं नये, आणि अन्नाच्या खणांजवळ तर मुळींच नेऊं नये.

रंगाची कृति सोपी आहे. एक वाटी खडूची पूड घ्यावी. रंगाच्या दुकानांत ती लुकण करण्यासाठीं मिळते. शाळेच्या फळ्यावरचे खडू कुटूं नयेत, ते बहुधा जिप्समचे असतात. कोणी प्लास्टर ऑफ पॅरिस घालतात. तेंहि चालतें, परंतु तें भांड्यांतच घट्ट होऊं लागतें, म्हणून धांदल फार. पुडींत थोडें थोडें पाणी घालून धिरड्याच्या पिठाइतकें सैल करावें, गुठळी राहूं नये म्हणून मलमलीच्या फडक्यांतून गाळावें, आणि तीन वाट्या पाण्याच्या रंगांत, म्हणजे भिंतीसाठीं मिळतो त्या इमल्शनमध्यें, ढवळून मिसळावें. हात पातळ द्यावा. एक जाड थर तडकतो. दोन पातळ थर टिकतात.

सूनबाईनें दाराच्या आंतल्या बाजूस चिंचोक्याच्या खळीचाहि एक तुकडा रंगवून पाहिला. चिंचोके भाजून, टरफलें काढून, रात्रभर भिजवून, वाटून शिजविले. गाळून त्यांत खडूची पूड व चिमूटभर नीळ घातली. दिसावयास हा रंग बाजारच्या रंगाहून सुंदर, यांत शंका नाहीं. पण खळ म्हणजे शेवटीं अन्न. पूर्णगडच्या पावसांत अन्नावर बुरशी धरणारच, आणि झुरळांना तर तें जेवणाचें आमंत्रणच. पुस्तकें बांधणारे खळींत मोरचूद घालतात. परंतु मोरचूद विषारी, स्वयंपाकघरांतल्या कपाटास तें वर्ज्य. सावंतवाडीच्या चितारींनीं वरून लाख कां चढविली, तें येथें हातानें काम करतांना कळतें. लाख ही शोभेसाठीं नव्हे. ती खळीला पावसापासून झांकणारी छत्री आहे. विलायती कृतींत वरून मेण चोळावयास सांगतात. थंड देशांत तें ठीक असेल. आमच्या वैशाखांत मेण मऊ होऊन धूळ धरतें, म्हणून येथें चपडा स्पिरिटमध्यें विरघळवून त्याचे दोन पातळ हात देणें मला अधिक पसंत आहे. जेथें हात वारंवार लागतो, म्हणजे दाराची कड आणि मुठीभोंवतीं, तेथें तीन.

दोन दिवसांत कपाट पांढुरकें होऊन उभें राहिलें. मामींनीं त्यावरून हात फिरवून पाहिला व म्हणाल्या, "भिंतीसारखेंच लागतें." ती स्तुति होती कीं निंदा, हें कोणी विचारिलें नाहीं.

देव्हाऱ्याचा प्रश्न लांकडानेंच सोडविला. फणसाच्या गाभ्यांत पिवळा रंग असतो, इतका कीं ब्रह्मदेशाकडील बौद्ध भिक्षूंचीं वस्त्रें त्याच्या काढ्यांत रंगवीत असत. सूनबाईनें मागच्या बाजूस चार बोटांएवढी जागा रंगविली, आणि सकाळपर्यंत त्या पांढऱ्यावर हळदीसारखे डाग फुटून वर आले. आधीं चपड्याचे दोन हात दिले असते तर डाग थांबले असते, हें खरें. पण तोंवर थोरले मामा पूजेस बसले होते. ते डाग पाहून म्हणाले, "त्याला हळदच आवडते, तर राहूं दे तसाच." देव्हारा ओल्या फडक्यानें पुसून, सुकवून, होता तसा ठेविला गेला.

राहिला पेटारा, आणि खरा वाद तेथें होता. धाकट्या मामांच्या मनांत तो मुंबईस न्यावयाचा होता, हें त्यांनीं तोंडानें सांगितलें नव्हतें. सूनबाईनें सांगितलें होतें. वांटणींत जो आधीं बोलतो तो वाईट दिसतो, आणि जो बोलत नाहीं त्याचें मन मागाहून बोलतें. तशांत, रंगविलेली वस्तु ही रंगविणाराची होते, असें कायदा म्हणत नसला तरी घर म्हणतें. म्हणून त्या दिवशीं माडीवर ब्रश नेणें हें नुसतें हौसेचें काम राहिलें नव्हतें.

माझें मत मीं स्पष्ट सांगितलें. ज्या लांकडावर आधींच चार रंग आहेत त्यावर पांचवा चढविण्यांत हानि नाहीं. सागाचें तसें नाहीं. सागांत स्वतःचें तेल आहे, तोच त्याचा रंग आणि तीच त्याची औषधयोजना. त्यास पुसावें, जवसाच्या तेलाचा किंचित् हात द्यावा, आणि सोडून द्यावें. खडूचा रंग एकदां त्याच्या शिरांत बसला कीं पुढें ज्याला लांकूड पाहावयाचें असेल त्याला तें खरवडूनच काढावें लागेल, आणि खरवडण्यांत जुना मुलामा जातो तो कायमचा. सूनबाई समंजस, तिनें ऐकून घेतलें, पण म्हणाली, "वन्सं, निदान आंतून तरी घांसून स्वच्छ करूं या. कुबट वास येतो." तें योग्यच होतें. आम्हीं पेटारा उजेडांत ओढला आणि झांकण पुरतें मागें टाकिलें.

झांकणाच्या आंतल्या अंगास बोरूनें लिहिलेलें होतें. शाई विटकरी झाली होती, तरी मोडी नव्हे, बाळबोध अक्षर, म्हणून वाचतां आलें. शके, मास, तिथि, आणि पुढें कन्या किंवा पुत्र. आजोबांनीं आपल्या मुलांचे जन्म तेथें मांडून ठेविले होते. शके १८६२ ची एक ओळ होती, म्हणजे १९४०-४१ साल: कन्या, नांव नाहीं, आणि शेजारीं बारीक अक्षरांत "दिवस अकरा". माझ्या आईला, मामांना, कोणालाच आपल्याला अशी एक बहीण होती हें ठाऊक नव्हतें. किंवा थोरल्या मामांना ठाऊक होतें व त्यांनीं कधीं सांगितलें नव्हतें. त्यांना खालून बोलावून आणिलें. त्यांनीं चष्मा पुसला, ती ओळ दोनदां वाचली, आणि मग वरच्या साऱ्या ओळी मोठ्यानें वाचून दाखविल्या, नांवानिशीं, वयाच्या क्रमानें. धाकटे मामा शेवटचे. आपलें नांव आलें तेव्हां त्यांनीं पंगतींत वाढप्यास द्यावी तशी "हूं" दिली, आणि सगळेच हंसले.

पॉलिशचा कागद सूनबाईनें स्वतःच बाजूस ठेविला. वासासाठीं पेटाऱ्यांत वेखंड व कडुनिंबाचा सुकवलेला पाला पुरचुंडींत बांधून ठेविला, व दोन दिवस सावलींत उघडा राहूं दिला. उन्हांत शाई उडते. लिहिलेल्या भागावर चपडा द्यावा काय, असें कोणीसें विचारलें. देऊं नये. स्पिरिटनें शाई पसरण्याचा संभव असतो, आणि पसरलेलें अक्षर परत आवरतां येत नाहीं. त्यापेक्षां चांगल्या उजेडांत त्याचीं छायाचित्रें घेतलीं, व तिघांच्या घरीं एकेक प्रत गेली.

पेटारा वांटणींतून वगळला गेला. तो पूर्णगडासच राहावयाचा, माडीवर, भिंतीपासून वीतभर पुढें, म्हणजे मागून हवा खेळेल. दर पावसाळ्याच्या आधीं जो कोणी येईल त्यानें पाला बदलावयाचा. जाळीचें कपाट सूनबाई पुण्यास घेऊन गेली. खाडीच्या पुलावरून गांवखडीस जाऊन आलेला टेम्पो आयताच मिळाला, कपाट आडवें निजवून वर चादर टाकली, आणि नव्या रंगास दोरी काचूं नये म्हणून मामींनीं आपलीं दोन जुनीं लुगडीं घड्या करून चारी कोपऱ्यांस बांधून दिलीं.